डाळिंबाच्या मुळाची साल

जुन्या करारातील निर्गम पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात अहरोन याजकाच्या झग्याचे वर्णन आले आहे. त्या झग्याच्या घेराला निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताची डाळिंबे लावावीत व दोन डाळिंबांच्या मध्ये सोन्याचे एकेक घुंगरू असावे, असा तेथे आदेश आहे. पुढे शलमोन राजाने मंदिर उभारले, तेव्हा त्याच्या दोन्ही स्तंभांच्या कळसांवर डाळिंबांच्या ओळी बसवण्यात आल्या. अरण्यात पाण्यावाचून व्याकूळ झालेले इस्राएल लोक मोशेवर रुष्ट झाले, तेव्हा या ओसाड जागी अंजीर नाहीत, द्राक्षे नाहीत, डाळिंबेही नाहीत, असे गाऱ्हाणे त्यांनी मांडले. पवित्र शास्त्राने डाळिंबाच्या फळाला असा मान दिला आहे. प्रस्तुत लेखात आम्हांला सांगावयाची आहे ती मात्र त्याच झाडाच्या मुळाची कथा. फळाला वेदीपाशी स्थान मिळाले. मूळ मातीत राहिले आणि आजाऱ्याच्या खाटेपाशी कामास आले. पोटातील कृमी पाडण्यासाठी माणसाने ज्या असंख्य वनस्पती वापरल्या, त्यांत या मुळाच्या सालीचा इतिहास सर्वांत लांब पल्ल्याच्या इतिहासांपैकी एक आहे, आणि आम्हां ख्रिस्ती वाचकांना अंतर्मुख करणाराही आहे.

कृमींचा विषय साहित्याच्या पानांत यावा काय, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात उभा राहील. परंतु आमच्या पिढीतील कोणाच्या बालपणात हा विषय आला नव्हता? मूल झोपेत दात खाऊ लागले, त्याचे पोट नगाऱ्यासारखे दिसू लागले, की आजीचे निदान ठरलेले असे : “जंत झालेत.” मग वावडिंग घालून उकळलेले पाणी, नाहीतर सुटीच्या दिवशी पहाटेस नाक दाबून पाजलेला एरंडेलाचा चमचा. तान्ह्या बाळाच्या घुटीतही वावडिंग असेच. या वावडिंगालाच संस्कृतात ‘विडंग’ म्हणतात व ‘कृमिघ्न’ हे त्याचे दुसरे नाव आहे. आजी ते संस्कृत नाव जाणत नव्हती. गुण मात्र जाणत होती.

भारतीय वैद्यकाने या व्याधीचा विचार फार पूर्वीपासून केला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगितले असून उपचाराच्या तीन पायऱ्या दिल्या आहेत : कृमी बाहेर काढणे, ते ज्या स्थितीत वाढतात ती स्थिती पालटणे आणि ज्या कारणांमुळे ते होतात ती कारणे टाळणे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या विवेचनातील तिसरी पायरी आजच्या आरोग्यशास्त्रालाही मान्य व्हावी अशी आहे. वावडिंगाखेरीज पळसाच्या बिया, म्हणजे आपली पळसपापडी, कपिल्याच्या फळांवरील तांबडी भुकटी, किरमाणी ओवा अशी औषधे वैद्यांच्या व गांधी-काष्टौषधीच्या दुकानांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. डाळिंबाच्या सालीचा काढा तिळाच्या तेलाबरोबर द्यावा, असे योगही नंतरच्या वैद्यकग्रंथांत आढळतात.

पोटातील सर्व कृमी एका जातीचे नसतात. गांडुळासारखा दिसणारा जंत वेगळा, सुतासारखे बारीक कृमी वेगळे, रक्त शोषणारा अंकुशकृमी वेगळा. डाळिंबाच्या मुळाची ख्याती आहे ती मुख्यतः पट्टकृमीवर. हा कृमी फितीसारखा चपटा, अनेक खंडांचा आणि कित्येकदा कित्येक मीटर लांब असतो. टाचणीच्या टोकाएवढ्या डोक्याने तो आतड्याला चिकटून राहतो. अंगाचे तुकडे पडून गेले तरी डोके आत राहिल्यास तो पुन्हा वाढतो. म्हणून त्याच्यावरील औषधाची खरी परीक्षा एकच : डोके पडले की नाही?

या औषधाची जुनी नोंद पाहावयास इजिप्तमध्ये जावे लागते. एबर्स या जर्मन विद्वानाने एकोणिसाव्या शतकात इजिप्तमध्ये मिळवलेली पपायरसची एक लांबलचक गुंडाळी आज लाइपझिग येथे जतन केलेली आहे. ती सुमारे इसवी सनापूर्वी १५५० च्या काळातील मानली जाते. तीत शेकडो औषधयोग असून पोटातील कृमींवर डाळिंबाचे मूळ सांगितले आहे. मूळ भिजत घालावे, रात्रभर तसेच राहू द्यावे, मग गाळून प्यावे, अशी कृती आहे. ज्या देशातून इस्राएल लोक बाहेर पडले व ज्या देशाची डाळिंबे त्यांना अरण्यात आठवली, त्याच देशात डाळिंबाचे मूळ औषध म्हणून कुटले जात होते.

रोमन जगातही हे ज्ञान होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या लेखकाने लॅटिन भाषेत लिहिलेल्या वैद्यकग्रंथात चपट्या कृमींवर डाळिंबाच्या कोवळ्या मुळांचा काढा दिला आहे. आदल्या दिवशी रोग्याला लसूण खावयास द्यावी आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या पोटी हा काढा पाजावा, असे तो सांगतो. त्याच शतकातील डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्यानेही मुळाचा हा गुण नोंदवला आहे. संत पौलाने ज्याला ‘प्रिय वैद्य’ म्हटले, तो संत लूक याच शतकातला व याच ग्रीक भाषेच्या जगातला.

परंतु पुस्तकात लिहिलेले ज्ञान टिकतेच असे नाही. डायोस्कोरिडीसचा ग्रंथ युरोपात शतकानुशतके नकलून घेतला गेला, मठांमध्ये वाचला गेला, पुढे छापलाही गेला. तरीही अठराव्या शतकापर्यंत डाळिंबाच्या मुळाचा हा उपयोग युरोपीय डॉक्टरांच्या व्यवहारातून जवळजवळ नाहीसा झाला होता. अक्षरे राहिली, हात विसरले. पट्टकृमीवर तेथे नेच्याच्या एका जातीचे मूळ वापरले जाई, पण तेही गुप्त औषध म्हणून. स्वित्झर्लंडमधील एका शस्त्रवैद्याची विधवा, मादाम नूफर, हे औषध देई. तिचे यश पाहून फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने १७७५ च्या सुमारास अठरा हजार लिव्र एवढी रक्कम देऊन तिचे गुपित विकत घेतले व प्रसिद्ध केले. तेव्हा कळले की हे नेच्याचे मूळ प्राचीन ग्रीकांनाही ठाऊक होते. स्वतःच्या ग्रंथालयात असलेल्या ज्ञानासाठी राजाला खजिना उघडावा लागला! विनोद सोडला तरी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : त्या विधवेचे नाव इतिहासात राहिले आणि तिच्या ज्ञानाचे मोल तिला मिळाले.

यानंतर तीसेक वर्षांनी कलकत्त्यास जे घडले, ते याहून वेगळे होते. १८०५ ते १८०७ च्या सुमारास बुकॅनन नावाच्या एका इंग्रज डॉक्टराच्या असे दृष्टीस आले की, येथील देशी चिकित्सक पट्टकृमीवर डाळिंबाच्या मुळाची साल देतात आणि तिचा गुण येतो. त्यांनी ही गोष्ट आपल्या व्यवसायबंधूंना कळवली. १८१० साली फ्लेमिंग यांनी भारतीय औषधी वनस्पतींची यादी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केली, तीत या सालीचा समावेश झाला. १८२१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यचिकित्सक ब्रेटन यांचा याच विषयावरील लेख लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. युरोपने जे लिहून ठेवले आणि विसरले, ते भारतातील चिकित्सकांनी हातात जपले होते. पुढील औषधिग्रंथांनी बुकॅनन यांचे नाव आदराने नोंदवले. ज्यांच्याकडून ते शिकले, त्यांची ओळख मात्र ‘देशी लोक’ एवढ्याच शब्दांत उरली. अठरा हजार लिव्र तर दूरच राहिले, नावही नाही.

साल युरोपात पोहोचली आणि तिचा बोलबाला झाला. १८२२ साली बेर्नार्दिनो आंतोनियो गोमिश या पोर्तुगीज डॉक्टराने डाळिंबाच्या पट्टकृमीनाशक गुणावर लिस्बन येथे एक प्रबंध प्रसिद्ध केला. १८३२ साली पॅरिसमध्ये मेरा या डॉक्टराने त्याच विषयावर पुस्तक लिहिले. पुढे १८७८ मध्ये शार्ल तांरे या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने सालीतील प्रभावी द्रव्य वेगळे केले व त्याला ‘पेलेटिएरीन’ असे नाव दिले. हे नाव पेलेटिए या रसायनशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ होते. याच पेलेटिएने कॅव्हांटू या सहकाऱ्यासह १८२० साली सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढले होते. सिंकोनाची साल सतराव्या शतकात दक्षिण अमेरिकेतून रोमला आणली ती येशूसंघीयांनी. कार्डिनल द लुगो यांनी ती रोममधील गोरगरीब तापकऱ्यांना वाटली आणि लोक तिला ‘येशूसंघीयांची साल’ म्हणू लागले. तापावरील सालीला संघाचे नाव मिळाले, तिच्यातील द्रव्य काढणाऱ्याचे नाव कृमींवरील सालीतील द्रव्याला मिळाले. पेरूमधील ज्या आदिवासींच्या अरण्यात ती वाढत होती, त्यांतील कोणाही एकाचे नाव त्या सालीला चिकटले नाही.

गोमिश यांचा प्रबंध पोर्तुगीज भाषेत, लिस्बनला छापला गेला, ही गोष्ट आम्हांला विशेष विचार करण्यासारखी वाटते. १८२२ साली पोर्तुगीजांची गोव्यातील सत्ता तीनशे बारा वर्षांची झाली होती. भारतीय वैद्यकाच्या इतक्या निकट सहवासात इतकी वर्षे राहिलेल्या राष्ट्राला हे औषध कलकत्त्याच्या इंग्रजांनी त्याची वाच्यता केल्यानंतर नव्याने अभ्यासावे लागले. असे का व्हावे?

आरंभ तर असा नव्हता. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली भारतात आला. गोव्यात त्याने तीस वर्षांहून अधिक काळ काढला. १५६३ साली गोव्याच्या छापखान्यात त्याचा भारतीय औषधींवरील संवादरूप ग्रंथ छापून निघाला. अरबी व हिंदू वैद्यांकडून आपण काय शिकलो, हे तो त्यात मोकळेपणाने सांगतो. त्या संवादांत आंतोनिया नावाची एक दासी आहे. मालकाने हाक मारली की ती हवी ती वनस्पती आणून देते. तिला काय काय ठाऊक होते, हे मात्र तिला कोणी विचारीत नाही.

चारच वर्षांनी, १५६७ साली, दोन घटना घडल्या. अँटवर्प येथे क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने ओर्ताच्या ग्रंथाचा लॅटिन सारांश प्रसिद्ध केला व भारताची औषधी संपदा युरोपातील विद्वानांसमोर आली. आणि त्याच वर्षी गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने ख्रिस्ती रुग्णांनी ख्रिस्तेतर वैद्यांकडून उपचार घेऊ नयेत, असे ठरवले. जगाचे एक दार उघडत असताना आम्ही आमच्या घराचे दार लावून घेतले. ओर्ता १५६८ साली निवर्तला. तो मूळच्या यहुदी कुळातला होता. १५८० साली धर्मन्यायालयाच्या आज्ञेने त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. हे लिहिताना लेखणी जड होते, परंतु इतिहासाची जी पाने आम्हांला अप्रिय आहेत, ती गाळून वाचण्याचा अधिकार आम्हांला नाही.

अर्थात, व्याधी ठराव जुमानत नाही. ज्याचे पोट दुखते, तो वैद्याचा धर्म विचारीत बसत नाही. बंदी असतानाही गोव्यातील पोर्तुगीज अधिकारी व धर्मगुरूदेखील हिंदू ‘पंडितां’कडून औषध घेत राहिले. १६१८ साली गोव्याच्या नगरसभेने अशा वैद्यांची परीक्षा घेण्याचा नियम केला व त्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. जे पूर्णपणे थांबवता आले नाही, ते परवाना देऊन चालवावे लागले. औषध चोरपावलांनी घरात येऊ शकते. पण जेथे वैद्याशी उघड बोलणेच निषिद्ध मानले जाते, तेथे शास्त्र वाढत नाही. प्रश्न विचारणे, पडताळून पाहणे, लिहून ठेवणे यांसाठी दोन माणसांनी निर्भयपणे एका बाकावर बसावे लागते.

असे बसता येते, याचे उदाहरणही आमच्याच किनाऱ्यावर आहे. कोचीचे डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड यांनी ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. या कामाच्या प्रारंभी कार्मेल संघाचे इटालियन धर्मगुरू फादर मॅथ्यू यांचे त्यांना मोठे साह्य झाले. इट्टी अच्युतन या एळवा समाजातील वैद्याने आपले पिढीजात ज्ञान त्यासाठी दिले. रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट हे तिघे कोकणी ब्राह्मण वैद्यही त्यात होते. या तिघांनी दिलेले प्रमाणपत्र कोकणी भाषेत, नागरी लिपीत, पहिल्या खंडात जसेच्या तसे छापले आहे. प्रॉटेस्टंट अधिकारी, कॅथलिक धर्मगुरू, एळवा वैद्य आणि ब्राह्मण पंडित अशी ही मंडळी एका ग्रंथासाठी एकत्र आली आणि प्रत्येकाचे नाव ग्रंथात राहिले. आज सव्वातीनशे वर्षांनंतरही आम्ही ती नावे उच्चारू शकतो. नाव नोंदवणे ही कागदावरील एका ओळीची गोष्ट असते; तीत न्यायाचा केवढा मोठा अंश असतो!

आता सालीकडे परत वळू. ती खरोखरच गुणकारी होती काय? होती. पेलेटिएरीन व त्याच्या जातीच्या द्रव्यांमुळे कृमी लुळा पडतो व त्याची पकड सुटते. त्यानंतर रेचक दिले की तो बाहेर पडतो. म्हणजे काढा आणि त्यामागून रेचक, या जुन्या रीतीला अर्थ होता. मात्र तीच द्रव्ये माणसालाही बाधतात. प्रमाण चुकले तर मळमळ, ओकारी, भोवळ, पायांत दुबळेपणा येतो. दृष्टी अधू झाल्याच्याही नोंदी आहेत. किरमाणी ओव्यातून १८३० साली काढलेल्या सँटोनीनची कथाही अशीच. त्याने जंत पडत, पण रोग्याला सारे जग पिवळे दिसू लागे, आणि मात्रा वाढली तर मुलांना झटके येत. झाडाचे म्हणून निरुपद्रवी, ही समजूत भाबडी आहे. झाडाला आमची दया येत नाही. सालीत जे आहे ते त्याने स्वतःच्या रक्षणासाठी साठवलेले असते. शिवाय एका झाडाच्या सालीत द्रव्य किती व दुसऱ्याच्या सालीत किती, हे चमच्याने मोजता येत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निक्लोसमाइड आणि प्राझिक्वांटेल ही मोजून देता येणारी औषधे आली आणि डाळिंबाच्या सालीने औषधालयातून निरोप घेतला. तिच्याविषयी कृतज्ञता बाळगावी. परसातले डाळिंब खणून काढा मात्र करू नये.

आमच्या वाचकांच्या घरी नाताळात आणि लग्नकार्यात डुकराचे मांस शिजते, म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे कर्तव्य ठरते. पट्टकृमीची एक जात डुकराच्या अर्ध्याकच्च्या मांसातून माणसात येते. क्यूखनमाइस्टर या जर्मन डॉक्टराने १८५५ साली हे सिद्ध केले ते देहदंड झालेल्या एका कैद्याला नकळत ते कृमिगर्भ खाऊ घालून. शिक्षेनंतर त्याच्या आतड्यात कोवळे पट्टकृमी आढळले. ज्ञान खरे ठरले, मार्ग मात्र विवेकाला पटणारा नव्हता, आणि तो कैदीही या इतिहासातील निनावींच्या रांगेत जाऊन बसला. या कृमीची अंडी अस्वच्छ हातांतून किंवा भाजीपाल्यातून पोटात गेली, तर त्याचे कोश मेंदूतही होतात आणि झटके येतात. असा रोगी शाकाहारीही असू शकतो. मांस पूर्ण शिजवणे, शौचानंतर व जेवणापूर्वी हात साबणाने धुणे, भाजी स्वच्छ करून घेणे, हेच चरकाने सांगितलेले ‘कारणे टाळणे’ होय. जंतांसाठी तर २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि अंगणवाड्या व शाळांमधून मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मोफत दिली जाते. ती गोळी घेताना आपल्या नातवंडांनी तोंड वाकडे केले, तर त्यांना एरंडेलाच्या चमच्याची गोष्ट अवश्य सांगावी.

शेवटी उरतो तो ऋणाचा प्रश्न. इजिप्तमधील वैद्य, रोमन लेखक, पोर्तुगीज आणि फ्रेंच पंडित यांच्या मधोमध कलकत्त्याचा तो देशी चिकित्सक उभा आहे, ज्याच्याशिवाय ही साखळी तुटली असती. तो हिंदू होता की मुसलमान, कोणत्या जातीचा होता, हे आज कोणी सांगत नाही. त्याने दिलेल्या सालीने रोगी बरे झाले, एवढेच सांगते. बेनसीराखच्या ग्रंथात वैद्याचा आदर करावयास सांगितले आहे आणि प्रभूने भूमीतून औषधे उत्पन्न केली आहेत असे म्हटले आहे. त्या वचनात भूमीला सीमा घातलेली नाही आणि वैद्याला धर्म विचारलेला नाही. पुढच्या वेळी धर्मग्रामातील एखादी वृद्धा एखाद्या पाल्याचा गुण सांगू लागली, तर आम्ही दोन गोष्टी कराव्यात. तिचे म्हणणे डॉक्टरांना विचारून पडताळून पाहावे. आणि ते वहीत लिहून ठेवताना आरंभी तिचे पूर्ण नाव लिहावे.